डबा रिकामा आला तर

आमच्या मंडळाच्या अंकाची संपादक फोनवर म्हणाली, “सुलूमावशी, नोकरीच्या आठवणी लिहा. पण दिवाळी आहे, जरा हसतंखेळतं असू दे.” मी सोळा वर्षं बायकांना ‘नवऱ्याने कधी गळा धरला का’ असं विचारून पगार घेतला. यातून हसतंखेळतं काढायचं म्हणजे कारल्याचा शिरा करायचा. पण मीही साताऱ्याची आहे. करते.

आधी माझ्याबद्दल. माझा आवाज इतका मोठा आहे की सिडनीत आमच्या क्वेकर्स हिलला मी शिंकले तर पलीकडच्या केलीव्हिलच्या गॅरेजांची दारं आपोआप वर जातात. हे माझ्या वडिलांकडून आलं. वडील फौजेत सुभेदार. ते सुट्टीवर आले की आमचं मांजरसुद्धा पहाटे पाचला उठून अंथरुणाची घडी घालायचं. नवऱ्याच्या आयटीच्या व्हिसावर मी सिडनीला आले. तो दिवसभर कॉम्प्युटरशी बोलणार आणि मी कोणाशी, भिंतीशी? म्हणून समाजसेवेचा कोर्स केला आणि माजी सैनिक व त्यांच्या घरच्यांना मदत करणाऱ्या एका ऑफिसात मुलाखतीला गेले. नाव सांगत नाही, माझी पेन्शन अजून चालू आहे.

“सैनिकांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“मी अठरा वर्षं एका सुभेदाराच्या शिट्टीवर जेवले आहे,” मी म्हटलं. नोकरी तिथल्या तिथे लागली. निदान मी तरी असंच सांगते.

आता आमचं काम काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेला अजून वाटतं की मी पोलिसात होते. फौजेतून सुटलेला माणूस घरी येतो. बहुतेक जण येतात, बागेला पाणी घालतात, गुडघ्याची तक्रार करतात आणि कोणाच्या वाटेला जात नाहीत. काहींची मात्र पलटण सुटते आणि हुकूम द्यायची सवय सुटत नाही. मग ते घरात नवी पलटण उभी करतात. तिच्यात शिपाई एकच, बायको. तिची हजेरी घेतली जाते, कपाटाची तपासणी होते, गाडीच्या मीटरचा आकडा रोज लिहिला जातो. आणि ती बोलत नाही, कारण बोलणार कोणापाशी? फौजेत असताना दर दोन वर्षांनी बदली, मैत्रीण टिकलेली नसते. शेजाऱ्यांच्या लेखी तो वीर. डॉक्टर तिलाच सांगतात, “त्याला सांभाळा हं.” म्हणजे मार खाणारीच नर्स. उलटेही नमुने यायचे. वीस वर्षं गणवेश घातलेली, ट्रक चालवणारी दणकट बाई, आणि घरी चष्मिष्ट कारकून नवरा तिला कोंडून ठेवतो. गणवेश कोणाचा होता यावर काही नसतं.

आमच्याकडे प्रश्नांचा एक कागद असायचा. फोन तपासतो का? पाळत ठेवतो का? घरात बंदूक आहे का? सोडून जाईन म्हणालीस तेव्हा काय म्हणाला? आणि सगळ्यात वजनदार प्रश्न गळ्याचा. ज्याने एकदा गळा धरला त्याच्यापासून जिवाला धोका, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. त्याच दिवशी दुसरी गोष्ट शिकवतात: यातलं एक अक्षरही त्याच्यासमोर विचारायचं नाही.

हे दुसरं मी मोडलं. कसं, ते सांगते.

स्कोफिल्ड्सच्या नव्या घरांमधल्या एका घरी मला पाठवलं. सगळी घरं एकाच साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी. हे मात्र लांबूनच ओळखू आलं, कारण हिरवळ पट्टी लावून कापलेली होती. घरात अनघा. ठाण्याची, फिजिओथेरपिस्ट. फौजेतून जखमी होऊन आलेल्या स्कॉटचा गुडघा उपचाराला तिच्या हाताखाली आला आणि गुडघ्यामागोमाग उरलेला माणूसही. लग्नानंतर वर्षभरात त्याने तिची नोकरी सोडवली. म्हणे, मला घरी तुझी गरज आहे. तिच्या डॉक्टरला काहीतरी खटकलं आणि तिने अनघाला आमच्याकडे पाठवलं. अनघाची एकच अट होती, मराठी बोलणारी बाई हवी.

स्कॉट सहा फूट तीन इंच. मी सोफ्यावरून उठले की तो उठायचा. चहा त्याने केला, तोही आलं ठेचून. इस्त्रीचा शर्ट, जाईल तिथे ताठ पाठ. मला माझे वडील आठवले आणि माझी अक्कल तिथेच ढगात गेली. मी इंग्रजीत त्याची तारीफ केली, तो इंग्रजीत “नो वरीज” म्हणाला. तो काही खोलीतून हलेना. मग मी तेच केलं, जे आपण सगळे करतो. खोटं बोलू नका. सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या गोऱ्याच्या बुडाचं माप आपण खुशाल मराठीत मोठ्याने घेतो, कारण त्याला काय कळतंय!

मी चहाचा कप उचलला, तोंडभर हसले आणि चहाचं कौतुक करावं अशा सुरात मराठीत म्हटलं, “हसत हसत सांग गं पोरी. हा हात उगारतो का?”

अनघाचा चेहरा पिठासारखा झाला. चमच्याची किणकिण थांबली.

“साखर अजून हवी का, मावशी?” स्कॉट म्हणाला.

अस्खलित. ‘ळ’सुद्धा तयार असणार या माणसाचा, असा उच्चार. पुढे कळलं, लग्नानंतर दोन वर्षं त्याने रोज पाऊण तास मराठीचा अभ्यास केला होता, वहीत आखून. ती आईशी फोनवर काय बोलते ते कळावं म्हणून. तिला त्याने कधी पत्ता लागू दिला नव्हता. तिलाही ते त्याच क्षणी, माझ्यादेखत कळलं.

मी काहीतरी बरळून बाहेर पडले. पुढचे तीन आठवडे अनघाने फोन उचलला नाही. चौथ्या आठवड्यात ती डॉक्टरकडे दिसली तेव्हा डाव्या मनगटाला प्लास्टर होतं. बागेत पडले, म्हणाली. ते मनगट माझं आहे. सोळा वर्षांत मी पुष्कळ शहाणपणा केला असेन, पण माझ्या हिशेबी ते मनगट आधी येतं.

ऑफिसात मी बॅरीसमोर जाऊन बसले. बॅरी माझा सहकारी, जुना खलाशी, दोन लढायांत जाऊन आलेला. पोट असं की तो वळला की अर्ध्या मिनिटाने ते वळायचं. तो दर बुधवारी दुपारी अशा नवऱ्यांचा गट चालवायचा. स्कॉटही त्यात होता, डॉक्टरच्या आग्रहावरून.

मी म्हटलं, “बॅरी, चूक माझी. पण त्या बिचाऱ्याने काय काय पाहिलं असेल रे. लढाईनेच असा झाला असेल.”

बॅरीने बिस्किट चहात बुडवलं. “मेट, मीही पाहिलंय. मला अजून फटाका वाजला की टेबलाखाली जावंसं वाटतं. टेबलाखाली मी मावत नाही ती गोष्ट वेगळी. पण मी माझ्या बायकोवर, हेलनवर, कधी हात उगारला नाही. तुझा हा स्कॉट, क्लबात त्याच्या अंगावर कोणी बिअर सांडली तर काय करतो माहीत आहे? हसतो. मी पाहिलंय. घरी आधी दार लावतो, मग चिडतो. दार लावायचं भान असलेला आजार मी तरी ऐकला नाही. लढाईचं दुखणं मी बघतो त्याचं. दाराचं तू बघ.”

एवढं बोलेपर्यंत बिस्किट कपात बुडून मेलं. तो चमच्याने ते शोधत बसला. पण माझ्या डोळ्यांसमोरून सुभेदारसाहेब पहिल्यांदा बाजूला झाले आणि नुसता स्कॉट दिसला.

आता अनघाला एकटीला गाठायचं कसं? फोन त्याच्या ताब्यात, दारावर कॅमेरा, आणि आपली गुप्त भाषा तर त्याने वहीत उतरवलेली. मी चार रात्री विचार केला, म्हणजे चार रात्री घोरले, आणि पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, “संक्रांत आली. हळदीकुंकू करणार ना? मी कुठे जाऊ त्या दिवशी?”

मी त्याच्या टकलाचा मुकाच घेतला.

फोन मी थेट स्कॉटला केला. अनघाला नाही. तेही गावंढळ मावशी बनून. “अहो जावईबापू, त्या दिवशी माझं तोंड जरा सुटलं, म्हातारीला माफ करा. हळदीकुंकू आहे, अनघाला पाठवा. धार्मिक असतं, फक्त बायकांचं.” जावईबापू म्हटल्यावर मोठमोठे विरघळतात. त्याने तिला स्वतः आणून सोडलं आणि समोर गाडी लावून एसीत बसला. बाहेर जानेवारीचं ऊन असं की वाटीतला तिळगूळ पातळ होऊन आपसूक गोड बोलायला लागला होता.

अनघाचा फोन मी हौसेने चौरंगावर देवीपुढे ठेवला. सभोवती तीस बायका, सगळ्या एकाच वेळी बोलणाऱ्या. कोणी फोनमधून ऐकत असेल तर ऐकू दे बापडा, त्याला केलीव्हिलच्या घरांच्या किमती आणि कोणाच्या तरी सुनेचा स्वयंपाक यापलीकडे काही मिळणार नव्हतं. मी अनघाला मागे कपडे धुवायच्या खोलीत नेलं आणि कागदावरचे सगळे प्रश्न विचारले. गळ्याच्या प्रश्नाला ती म्हणाली, “नाही. अजून नाही.”

“अजून?”

“तो हात गळ्यापर्यंत आणतो आणि कॉलर नीट करतो.”

 मी प्रश्नांच्या कागदाची घडी घातली.

“निघायचंय?” मी विचारलं.

“निघायचंय. पण कधी ते मी ठरवणार. तुम्ही घाई केलीत तर मी सगळं नाकारेन. मागच्या वेळेसारखं करू नका, मावशी.”

बरोबर होतं तिचं. त्याचा मूड, त्याचा दिवस, त्याचं पाऊल, सगळं तिला ठाऊक. आम्ही कागदवाले.

“मग मला कळवणार कशी? फोन नाही, चिठ्ठी नाही, मराठी नाही.”

ती प्लास्टरवरून हात फिरवत उभी राहिली. ओट्यावर माझा स्टीलचा डबा होता, बेसनाच्या लाडवांनी भरलेला. ती म्हणाली, “हा द्या. त्याला लाडू आवडतात, तो नको म्हणणार नाही. बुधवारी गटाला येताना डबा परत आणेल. मी त्यात काही ना काही घालीनच.”

“आणि?”

“ज्या दिवशी रिकामा येईल, त्या दिवशी मी तयार आहे.”

बघा. भाषा शिकता येते. वहीत आखून ‘ळ’सुद्धा काढता येतो. पण मराठी घरातून डबा रिकामा परत जात नाही, हे कोणत्या वहीत लिहिलेलं असतं? ते कोणी शिकवत नाही. आई नुसती म्हणते, “अगं, साखर तरी घाल चिमूटभर.”

ऑफिसात आमच्या बॉसबाईने ही योजना ऐकून दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग तिनेच ती नीट कागदावर उतरवली, बायकांच्या निवाऱ्यात जागा धरून ठेवली, पोलिसांत बोलून ठेवलं. आणि बॅरीने गटासाठी नवा नियम काढला. आत येताना सगळ्यांनी फोन बंद करून बिस्किटांच्या मोठ्या डब्यात टाकायचे. म्हणजे ते दोन तास दारावरचा कॅमेरा आंधळा.

मग सुरू झाली डब्यांची ये-जा. मी लाडू पाठवायचे, स्कॉट बुधवारी डबा आणून द्यायचा. कधी चिवडा, कधी बागेतली दोन लिंबं, एकदा नुसता कढीपत्ता. मी मख्खासारखी “कशाला गं बाई एवढं” म्हणत उघडायचे आणि भरलेला दिसला की माझा जीव अर्धा खाली बसायचा आणि अर्धा वर राहायचा, की अजून किती.

एका बुधवारी डबा जड लागला. वर पोह्यांचा चिवडा. खाली फॉइलची पुडी. फॉइलमध्ये तिचा पासपोर्ट.

याआधीच्या पानांत थोडं तिखटमीठ असेल, पण हे घडलं तस्सं आहे. त्याने तो आपल्या लोखंडी पेटीत दडवला होता. तिने शोधला आणि त्याच्याच हातून, त्याच्याच गाडीतून माझ्याकडे पोचवला. त्याने वाटेत चिवड्याचा मोह केला असता तर? मला इतका घाम फुटला की ऑफिसातली झाडं आठवडाभर पाण्यावाचून जगली असती. पुढच्या खेपेला लाडू देताना मी स्कॉटला सांगितलं, “अनघाला म्हणावं, चिवड्यात शेंगदाणे फार झाले. मावशीचं हृदय कमजोर आहे.”

“सांगतो, मावशी,” तो मराठीत म्हणाला. आता तो माझ्याशी उघड मराठीत बोलायचा. ऐटीत. मीही त्याच्या व्याकरणाची तारीफ करायचे. त्याला वाटायचं मी त्याच्या बाजूची. सोळा वर्षांतलं माझं सर्वोत्तम नाटक, आणि प्रेक्षक एक.

मार्चातल्या एका बुधवारी स्कॉट पाच मिनिटं लवकर आला. शर्टाची इस्त्री नेहमीसारखी. त्याने डबा काउंटरवर ठेवला आणि त्याचा पोकळ आवाज आला.

मी हलवून पाहिला. उघडला. आतून लख्ख पुसलेला.

आता इथे माझं अर्धं डोकं ओरडलं, निघ, आणि अर्धं म्हणालं, थांब. यानेच वाटेत खाल्लं असेल तर? चुकीच्या दिवशी दारात जाऊन उभी राहिले तर? एकदा घाई करून मी एक मनगट मोडलं होतं. मी चेहऱ्यावर म्हातारीचं हसू चढवलं. “काय जावईबापू, माझा खाऊ वाटेतच फस्त केलात की काय?”

“नाही हो मावशी,” स्कॉट हसला. “तिने रिकामाच दिला. मी विचारलंसुद्धा, आज काही नाही? तर म्हणाली, मावशींना रिकामा चालतो.”

“चालतो की,” मी म्हटलं. “न चालायला काय झालं?”

त्याने फोन बिस्किटांच्या डब्यात टाकला आणि आत गेला. मी बॅरीकडे पाहिलं आणि डबा उलटा करून दाखवला. बॅरीने दार लावून घेतलं. त्या दिवशी त्याने गटाला आपली जहाजावरच्या बकरीची गोष्ट सांगितली. ती गोष्ट एरवी दहा मिनिटांची. त्या दिवशी ती बकरी तीन समुद्र पोहली, दोनदा व्याली आणि कप्तान झाली.

मी बॉसबाईला हाक मारली, तिने फोन उचलला, मी गाडी काढली. स्कोफिल्ड्सपर्यंत एकही सिग्नल मला लाल दिसला नाही. दिसला असता तरी मी पाहिला नसता. पोलिसांची गाडी आधीच कोपऱ्यावर होती.

अनघा दारात उभी होती, एक बॅग घेऊन. एवढं उकडत असून गळ्याला ओढणी. मी काही विचारलं नाही. तिनेच ओढणी जरा खाली केली आणि परत वर घेतली. “सोमवारी,” ती म्हणाली. “मग त्याने त्याचे शर्ट इस्त्री केले. पाच.”

“बस गाडीत.”

ती बसली. पट्टा लावला. पुढच्या सीटवर मी घाईत टाकलेला डबा होता, उघडा. तिने तो मांडीवर घेतला, पाहिला, आणि पट्टा सोडला.

“अगं ए! कुठे?”

“आले.”

आणि ती परत घरात गेली! प्रशिक्षणात आम्हाला शंभर वेळा सांगतात, एकदा बाहेर पडलेली बाई पुन्हा आत जाता कामा नये. मी शिट्टीसारखी किंचाळले. पोलीसबाई धावली. अर्ध्या मिनिटात अनघा बाहेर आली, डबा छातीशी धरून. मी गाडी अशी काढली की मागच्या हिरवळीवर पहिल्यांदा एक वाकडी रेघ उठली असणार.

“काय राहिलं होतं? दागिने?”

तिने झाकण उघडून दाखवलं. आत मूठभर साखर.

“मावशी, रिकामा डबा हातात देववेना.”

मी ब्लॅकटाउनपर्यंत तिला शिव्या दिल्या. तिथून पुढे दोघीही रडलो, आणि मी रडतेसुद्धा मोठ्याने, त्यामुळे शेजारच्या लेनमधल्या ट्रकवाल्याने रस्ता दिला.

स्कॉटवर संरक्षणाचा आदेश निघाला, कोर्ट झालं. बॅरी त्याला पुढेही भेटत राहिला. सुधारला का? बॅरी म्हणतो, “निदान आता दार उघडं ठेवून बोलतो.” मला ठाऊक नाही, आणि ते ठरवणं माझं काम नव्हतं. त्या साखरेचा मी चहा केला. दुसरं काय करणार, फ्रेम करून लावणार?

अनघा आता दुसऱ्या शहरात पुन्हा लोकांचे गुडघे सरळ करते. डबा आमच्यात अजून फिरतो, आता पोस्टाने. मी लाडू पाठवते, ती काहीतरी भरून परत धाडते. मी गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण डब्याने मला निवृत्त केलेलं नाही.

परवा तो आला. पोस्टमनने हातात ठेवला. डबा हलका. अगदी तसाच. मी तिथेच पायरीवर बसले, चिकटपट्टी दातांनी तोडली, झाकण काढलं.

कुरमुरे. काठोकाठ.

मी फोन लावला आणि अशा शिव्या घातल्या की त्या या अंकात छापता येणार नाहीत. ती हसत होती. मागे कोणीतरी गुडघ्याच्या नावाने कण्हत होतं.

“रिकामा नव्हता ना पण?” अनघा म्हणाली.

“नव्हता.”

“मग लाडू कधी पाठवताय?”